एक साचा, तीन लेणी



मळवली स्टेशनावर उतरलेल्या माणसाच्या दोन्ही हातांना इतिहास उभा असतो. उत्तरेस कार्ल्याचा डोंगर, दक्षिणेस भाज्याचा. आणि पलीकडे पवन मावळात बेडसे. बोरघाटाने कोकणच्या बंदरांकडे जाणाऱ्या जुन्या व्यापारी वाटेवरची ही लेणी. आपण ती सहलीत एकेक करून पाहतो. आज मात्र ती एकमेकींशेजारी ठेवून पाहू.

भाज्याचे चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले, लांबी सुमारे ५९ फूट. कार्ल्याचे सुमारे इसवी सनाच्या पहिल्या शतकातले, लांबी १२४ फूट. आकार दुपटीहून मोठा झाला, मधे दोनअडीचशे वर्षे लोटली. पण ठेवण तीच! समोर घोड्याच्या नालेसारखी कमान, आत दोन्ही बाजूंना खांबांची रांग, वर गजपृष्ठाकार छत, शेवटी अर्धवर्तुळात स्तूप. बेडशासही हाच साचा आहे.

हा साचा आला कोठून? सुताराच्या कामातून. भाज्याचे २७ अष्टकोनी खांब आत कललेले आहेत. लाकडी घरात छताचा रेटा सोसण्यासाठी खांब असे तिरपे लावावे लागत. अखंड खडकात त्याची काहीच गरज नाही. छताला लाकडी फासळ्या बसवल्या आहेत, त्याही काही पेलत नाहीत. कार्ल्याला खांब सरळ झाले. फासळ्या मात्र राहिल्या. कार्ल्याच्या दारावरच्या लेखात तर ते द्वार करणारा धेनुकाकटाचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, असे स्पष्ट नाव आहे. पाषाणाच्या दारावर सुताराचे नाव!

कोणी म्हणेल, ही निव्वळ नक्कल. मला तसे वाटत नाही. लेणे वरून खाली खोदत येतात. एकदा उडवलेला दगड परत बसवता येत नाही. अशा कामात प्रत्येकाने आपापली कल्पना लढवली तर डोंगर फुकट जायचा. शिवाय कार्ल्याचे ३७ खांब एकाच्या पैशाने झालेले नाहीत. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने जंबुद्वीपात उत्तम असे हे शैलगृह सिद्धीस नेले, असे त्याचा लेख सांगतो. पण अनेक खांबांवर निरनिराळ्या दात्यांची नावे आहेत. त्यांत धेनुकाकटाचे यवन आहेत, सोपाऱ्याचा धर्मोपदेशक आहे. गंध विकणाऱ्या सिंहदत्ताने दाराचे दान दिले. देश वेगळा, धंदा वेगळा. तरी कोणाचे दान विसंगत दिसत नाही, कारण खांबाची जागा आधीच ठरलेली होती. साचा सर्वांचा होता म्हणूनच काम सर्वांचे होऊ शकले.

आणि साच्याने हात बांधले काय? भाज्याचे खांब साधे; कार्ल्याला दोन्ही बाजूंच्या पंधरा-पंधरा खांबांना तळाशी घट आणि माथ्यावर हत्ती व स्वार आले. स्तूपामागचे सात मात्र पूर्वीसारखेच साधे ठेवले. बेडशाच्या कारागिराने तर कमालच केली. चैत्याचा अर्धवर्तुळाकार आराखडा आणि कमानदार छत त्याने भिक्षूंच्या निवासाला, विहाराला, देऊन टाकले!

आपण गावात सभागृह बांधतो, ग्रंथालय काढतो. वर्गणी गोळा होते आणि आराखड्यावरून भांडण जुंपते. प्रत्येक देणगीदाराला आपली खोली उठून दिसायला हवी असते. अशा वेळी कार्ल्याच्या त्या खांबांपाशी जाऊन उभे राहावे. दात्यांची नावे तेथे दोन हजार वर्षे टिकली आहेत. आणि ती टिकली ती सगळ्यांनी मिळून एकच घर उभारले म्हणून.