सेनापती बापट रोड, व्हाया मुळशी

परवा ऑफिसातून घरी जाताना सेनापती बापट रोडवर अडकलो होतो. सिग्नल तीन वेळा हिरवा होऊन गेला तरी गाडी जागची हलेना. शेजारी आमच्या टीममधला नवा पोरगा बसला होता. मोबाइलची बॅटरी संपल्यामुळे बिचाऱ्याला बोलण्यावाचून इलाज नव्हता. पाटीकडे बघत त्याने विचारलं, "सर, हे सेनापती बापट म्हणजे पेशव्यांचे सरदार ना? पानिपतावर वगैरे गेलेले?"

मी हसलो खरा, पण मनातल्या मनात. कारण पंचविशी उलटेपर्यंत माझीही समजूत साधारण अशीच होती. सेनापती म्हटलं की घोडा आणि तलवार आलीच. हा माणूस विसाव्या शतकातला, शिकायला एडिंबरोला गेलेला, आणि 'सेनापती' ही पदवी त्याला एका धरणाविरुद्धच्या लढ्यात मिळाली, हे मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि मी तेव्हा मागच्या बाकावर फुल्ली-गोळा खेळत असेन.

तर आजचा विषय हाच. मी काही इतिहासकार नाही, चूकभूल द्यावी घ्यावी.

गोष्ट सुरू होते मुंबईच्या धुरापासून. १९१० च्या आसपास मुंबईत ८० च्या वर कापडगिरण्या होत्या आणि जवळजवळ सगळ्या वाफेवर चालायच्या. वाफेला कोळसा लागतो आणि मुंबईच्या जवळपास कोळसा नाही. तो यायचा पार बंगाल-बिहारकडून, नाहीतर बोटीने परदेशातून. म्हणजे महागडा कोळसा आणायचा आणि तो जाळून स्वतःच्याच गावावर काजळी धरायची. धूर इतका झाला की १९१२ मध्ये सरकारला मुंबईसाठी धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा करावा लागला. प्रदूषणावर आपण फार आधुनिक पद्धतीने चिंता करतो असं ज्यांना वाटतं त्यांनी हे साल लक्षात ठेवावं.

यावर उपाय होता सह्याद्रीचा. लोणावळ्याच्या बाजूला चार महिन्यांत धो धो पाऊस पडतो आणि घाटाच्या कड्यावरून खाली कोकणात पाचशेएक मीटरची सरळ उडी आहे. ते पाणी घाटमाथ्यावर अडवायचं, पाइपातून खाली सोडायचं, टर्बाइन फिरवायचं आणि वीज तारेने मुंबईला न्यायची. डेव्हिड गॉस्टलिंग नावाच्या मुंबईतल्या इंजिनिअरने ही कल्पना जमशेटजी टाटांच्या डोक्यात घातली. जमशेटजी १९०४ मध्ये गेले. पुढचं काम मुलांनी केलं. १९१० मध्ये कंपनी निघाली, १९११ मध्ये लोणावळ्याला पायाभरणी झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईत पोचली.

इथे थोडं गणित केल्याशिवाय मला राहवत नाही. आपल्या गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी असते ना, तेवढं पाणी पाचशे मीटरवरून खाली सोडलं तर साधारण १.३६ युनिट वीज मिळते. गळती-घर्षण धरून सव्वा म्हणा. तेच पाणी आमच्या सात मजली बिल्डिंगच्या गच्चीवरून, म्हणजे वीसेक मीटरवरून सोडलं तर ९ वॉटचा एक बल्ब जेमतेम सहा तास जळेल. उंचीला इतकी किंमत आहे. म्हणून सगळ्यांचा डोळा घाटमाथ्यावर. इंजिनिअर म्हणून मला ही योजना अजूनही देखणी वाटते. कोळसा नाही, धूर नाही, राख नाही. अर्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल याचा हिशोब १८९६ मध्येच मांडला होता, पण खोपोलीच्या लोकांना त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांना फक्त कोळशाचं बिल वाचवायचं होतं. तरी आजच्या भाषेत बोलायचं तर ते क्लीन एनर्जीचं स्टार्टअप होतं, आणि तेही स्वदेशी भांडवलावर! यात नावं ठेवायला जागा कुठे होती?

जागा होती मुळशीत.

लोणावळ्यानंतर आंध्रा खोरं झालं आणि मग नंबर लागला नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाचा. मुळशी पेट्यातली पन्नासेक गावं या धरणाच्या कचाट्यात येत होती. जमीन भाताची, इथला आंबेमोहोर अजूनही नावाजला जातो. मावळ्यांची ही गावं शिवाजी महाराजांच्या काळापासून तिथे होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात सरकारला खाजगी कंपनीसाठीसुद्धा जमीन घेता येत होती. कंपनी इतकी निर्धास्त होती, की रीतसर ताबा मिळण्याआधीच शेतात चाचणीचे चर खणायला सुरुवात झाली. आपल्या भाषेत सांगायचं तर क्लायंटने साइन-ऑफ द्यायच्या आधीच प्रोडक्शनमध्ये कोड टाकला. फरक इतकाच, की आपल्याला रोलबॅक करता येतो.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. मावळे धरणाच्या जागी जाऊन बसले आणि काम थांबवलं. पुण्याहून न. चिं. केळकरांसारखी टिळकांच्या पठडीतली मंडळी पाठीशी होती. असहकाराचं वर्ष, वातावरण तापलेलंच. काम काही महिने खरंच थांबलं. वर्षअखेरीला ते पुन्हा सुरू झालं आणि मग खरी लढाई लागली. बायका, पोरं, म्हातारे कामाच्या जागी जाऊन बसायचे, मार खायचे, तुरुंगात जायचे. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे पुढारी. बापट पारनेरचे, शिष्यवृत्तीवर एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेलेले. इंग्रज सरकारविरुद्ध बोलले म्हणून शिष्यवृत्ती गेली. पुढे पॅरिसमधून बॉम्ब बनवायची कृती मिळवण्याच्या उद्योगात होते. म्हणजे धरण काय असतं हे न कळणारा हा माणूस नव्हता. टर्बाइन कसं फिरतं हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. तरीही तो शेतकऱ्यांच्या बाजूला जाऊन बसला.

इथपर्यंत गोष्ट सोपी आहे. चांगले शेतकरी, वाईट कंपनी. पण पुढे वाचत गेलं की ती अवघड होत जाते आणि मला तोच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मुळशीतल्या बऱ्याच जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या. मावळे त्या कसायचे, पण कुळं म्हणून. सुरुवातीला सावकारही विरोधात होते. नंतर नुकसानभरपाईचे आकडे समोर आले आणि एकेकाचा विरोध मावळायला लागला. ज्याला पैसे घेऊन सदाशिव पेठेतल्या घरी जायचं होतं आणि ज्याचं घरच पाण्याखाली जाणार होतं, त्या दोघांचं 'नुकसान' एक नव्हतंच. भरपाई सातबाऱ्यावरच्या नावाला मिळते, आणि घाम गाळणाऱ्याचं नाव तिथे नसलं तर तो हिशोबातच येत नाही. शंभर वर्षं झाली, ही भानगड अजून चालू आहे. कुठल्याही एक्स्प्रेसवेच्या नाहीतर विमानतळाच्या बातमीत बघा.

गांधीजींनी सुरुवातीला टाटांना आवाहन करून मावळ्यांची बाजू घेतली होती. पुढे बहुतेकांनी भरपाई स्वीकारल्यावर आणि बापटांची अहिंसेवरची निष्ठा पातळ दिसल्यावर त्यांनी हा लढा सोडून द्यावा असं मत दिलं. बापटांनी सोडला नाही. १९२४ च्या अखेरीला त्यांनी धरणाच्या कामगारांची गाडी अडवून गोळीबार केला, पकडले गेले आणि सात वर्षांची शिक्षा झाली. मला यातलं पिस्तूल अजिबात पटत नाही. गाडीतले कामगार काही टाटा नव्हते, तेही पोटासाठीच आलेले. पण तीन वर्षं बसून राहूनही कोणी ऐकत नाही, तेव्हा माणसाचं काय होतं तेही दिसतं. धरण झालं. १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. मावळे पांगले.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात आम्ही चार मित्र ताम्हिणीला गेलो होतो. म्हणजे सगळे जातात तसंच. गाडी थांबवायची, भजी खायची, तलावाकडे पाठ करून फोटो काढायचे. टपरीवाल्याचे वडील कोपऱ्यात बसले होते. मी उगाच विचारलं, "आजोबा, तुमचं गाव कुठलं?" त्यांनी पाण्याकडे बोट केलं. "तिकडं. आता न्हाई." मग जरा थांबून म्हणाले, "तारा डोक्यावरनं मुंबईला जायच्या साहेब, आन् आमच्या घरात चिमणी. लाइट लय उशिरा आली आमच्याकडं." आवाजात राग वगैरे काही नव्हता. पाऊस किती पडला हे सांगावं तसं सांगितलं. मग मुलाला म्हणाले, "साहेबांना च्या दे अजून."

त्या चहाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. मला तो चहा अजून आठवतो.

आता म्हणाल, हे जुनं कशाला उकरायचं? कारण ते जुनं राहिलेलं नाही. सोलरची सध्याची अडचण सगळ्यांना माहीत आहे. दुपारी वीज मुबलक, आणि संध्याकाळी सात वाजता, घराघरात एसी आणि मिक्सर सुरू झाले की सूर्य गायब. म्हणजे वीज साठवायला हवी. बॅटऱ्या आहेतच, पण मोठ्या प्रमाणावर साठवायचा जुना खात्रीचा मार्ग म्हणजे पाणी. दुपारच्या जादा विजेने खालचं पाणी वर चढवायचं, संध्याकाळी परत खाली सोडायचं. १०० युनिट घातले तर ७५-८० परत मिळतात. भिऱ्याला १९९० च्या दशकात असं १५० मेगावॅटचं युनिट बसलं. घाटघरला २००८ मध्ये २५० मेगावॅटचं झालं. आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये शिरवटा इथे १,८०० आणि भिवपुरीला १,००० मेगावॅटच्या प्रकल्पांसाठी टाटा पॉवर आणि राज्य सरकारमध्ये करार झाला. म्हणजे पुन्हा तोच घाट, तेच कडे, तीच उंची. फक्त तेव्हा कोळसा वाचवायचा होता आणि आता हवामान.

मी याच्या विरोधात आहे का? अजिबात नाही. उलट हे व्हायलाच हवं असं माझं मत आहे. आमच्या सोसायटीत गच्चीवर सोलर बसवायचा ठराव तीन वर्षं 'पुढच्या मीटिंगला घेऊ' मध्ये अडकलाय, कारण पापड कुठे वाळत घालायचे हा प्रश्न सुटलेला नाही. तेव्हा गच्चीपेक्षा मोठं काहीतरी लागणारच. आणि २००५ च्या सुमारास मुंबईबाहेरच्या महाराष्ट्राने रोज तासन् तास लोडशेडिंग भोगलंय. वीज नको म्हणायचा चोंबडेपणा ते विसरलेल्यांनीच करावा.

पण 'ग्रीन' हा शब्द लावला की सगळे प्रश्न विचारायचे बंद होतात, त्याची मला भीती वाटते. १९२१ मध्ये 'स्वदेशी' हा शब्द तेच काम करत होता. देशाची गिरणी, देशाची वीज, मग पन्नास गावांचं काय घेऊन बसलात? एक चांगला शब्द खिशात असला की माणूस दुसऱ्याच्या शेतात चर खणायला मोकळा होतो. सुधारणा झाली नाही असं नाही. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने १९७६ मध्ये केला, बहुतेक राज्यांच्या आधी. १८९४ चा कायदा जाऊन २०१३ चा आला, आणि त्यात खाजगी कंपनीसाठी जमीन घेताना ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. पण मुळशी ते १९७६ म्हणजे मध्ये अर्धं शतक गेलं, आणि त्यात कोयनाही होऊन गेलं. कोयनेच्या विस्थापितांच्या पुढच्या पिढ्या हक्काच्या जमिनीसाठी आंदोलनाला बसलेल्या आपण पाहिल्यात.

माझं म्हणणं इतकंच, की प्रकल्पाच्या प्रेझेंटेशनमध्ये मेगावॅटची स्लाइड असते, वाचलेल्या कार्बनची असते, तशी एक स्लाइड नावांची असावी. सातबाऱ्यावर नसलेल्यांचीसुद्धा. आणि तारा ज्यांच्या डोक्यावरून जाणार, त्यांच्या घरात वीज आधी यावी. तांत्रिकदृष्ट्या यात अवघड काही नाही, मी खात्रीने सांगतो.

असो. मुंबईतही एक सेनापती बापट मार्ग आहे. दादरवरून लोअर परळकडे जातो आणि फिनिक्स मिलच्या दारावरून पुढे सरकतो. गिरण्यांना वीज हवी म्हणून मुळशी बुडाली, त्यासाठी ज्याने आयुष्याची वर्षं तुरुंगात घालवली, त्याचं नाव गिरण्यांच्याच रस्त्याला. गिरण्याही गेल्या, आता तिथे मॉल आहे, रात्रभर दिवे चालू असतात. नाव देणाऱ्यांच्या हे लक्षात आलं होतं की नाही कोण जाणे.

त्या पोराला मी सिग्नल सुटेपर्यंत यातलं निम्मं सांगितलं. तो म्हणाला, "सर, म्हणजे हे आपल्यासारखेच इंजिनिअर होते तर." मी म्हटलं, इंजिनिअरिंग शिकायला गेलेले होते, आपल्यासारखे नव्हते. तेवढ्यात मागच्याने हॉर्न मारला.