पीअर ट्यूटर : टॉपरसोबत त्यांचाही सत्कार व्हावा

पीअर ट्यूटर म्हणजे आपल्याच कॉलेजातल्या ज्युनियर मुलांना अवघड विषय समजावून देणारा सीनियर विद्यार्थी. पुण्यात सीओईपी (स्थापना १८५४) असो की कॅम्पातलं अंजुमन खैरुल इस्लामचं पूना कॉलेज (१९७०), उर्दू-मराठी माध्यमातून सायन्स, इंजिनिअरिंगला आलेल्या मुलांना अशा मदतीचा मोठा आधार असतो. समाजाच्या गुणगौरव समारंभात मात्र टॉपरचंच नाव पुकारलं जातं.

अमेरिकेतील ‘सीआरएलए’ ही संस्था कॉलेजांच्या ट्यूटर प्रशिक्षणाला मान्यता देते. पहिल्या पातळीला १० तास प्रशिक्षण आणि २५ तास प्रत्यक्ष शिकवणं लागतं. आपल्या कॉलेजांनीही तासांची नोंद ठेवावी, शिकणाऱ्या मुलांचं मत घ्यावं आणि लेखी प्रमाणपत्र द्यावं. नोकरीच्या अर्जाला ते जोडता येईल. सत्कारासाठी गुणपत्रिका मागवणाऱ्या संस्थांनी हे प्रमाणपत्रही मागवावं.