मृगाचे वाहन आणि बंदरावरचा बावटा

आमच्या आजोळच्या पडवीत दाराच्या उजव्या अंगाला एक खिळा होता आणि त्या खिळ्याला पंचांग टांगलेले असे. मे महिना सरत आला, माळ्यावरच्या आंब्यांच्या अढ्या रित्या होऊ लागल्या, की आजोबा ते खाली काढीत, कपाळावरचा चष्मा नाकावर आणीत आणि मृगाचे वाहन वाचून दाखवीत. बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाला तर घरात समाधान पसरे. कोल्हा निघाला तर आजी पंचांगकर्त्यालाच दोन शब्द सुनावी. एवढे झाले की पंचांग पुन्हा खिळ्याला जाई आणि आजोबा माझ्याकडे वळून म्हणत, "आता जा रे, बंदरावर जाऊन बावटा बघून ये." मी धावत सुटे. काठीवर काही नसले तर "काही नाही, काही नाही" असे ओरडतच परत येई. तीन नंबरचा लागलेला असला तर मात्र पाय आपोआप सावकाश पडत. एवढी मोठी बातमी धापा टाकीत कशी सांगायची!

वाडी श्रीवर्धन तालुक्यातली, एकरभरसुद्धा नसेल. वर माड, त्यांच्या सावलीला पोफळी, पोफळींच्या मध्ये केळी, कुठे जायफळ, खोडांवर मिरीचे वेल. समुद्राच्या बाजूला उंडीची झाडे आणि केवड्याची जाळी. एक विहीर, तिच्यावर रहाट. आजोबांचा सगळा जीव या एवढ्याशा हिरव्या काळोखात होता आणि आभाळाचे वर्तमान त्यांना दोन ठिकाणांहून मिळे: खिळ्यावरून आणि बंदरावरून. या दोहोंपैकी एकही गोष्ट त्यांच्यासाठी म्हणून केलेली नव्हती, हे समजायला मला पुष्कळ वर्षे लागली.

पंचांगाचे आधी पाहू. नक्षत्राला वाहन कसे मिळते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. सूर्य नक्षत्रात शिरतो त्या वेळी चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे ते पाहायचे, सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचे, आलेल्या संख्येला ९ ने भागायचे आणि बाकी उरेल त्या क्रमांकाचा प्राणी घ्यायचा. म्हणजे बेडूक ढगातून उतरत नाही, भागाकारातून उडी मारतो. आजोबांना हे माहीत असावे. कारण ते वाहन गंभीरपणे वाचीत, पण विहिरीवरच्या रहाटाची दोरी मात्र दरसाल बदलून ठेवीत, मग हत्ती असो की कोल्हा.

वाहनाची थट्टा करणे सोपे आहे; नक्षत्रांची तशी करता येणार नाही. मृगात पेरणी, आर्द्रात लावणीची तयारी, हस्ताच्या पावसावर भरते दाणे, हे वेळापत्रक पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाहण्यातून आले आहे. त्यात एक गंमत मात्र दडलेली आहे. पंचांगातला सूर्य ताऱ्यांच्या हिशेबाने चालतो, आणि ऋतू चालतात पृथ्वीच्या आसाच्या कलण्यावर. या दोन हिशेबांत सुमारे ७२ वर्षांमागे एका दिवसाचे अंतर पडते. हल्ली मृग ७ किंवा ८ जूनला लागतो. तीनशे वर्षांपूर्वी, श्रीवर्धनच्याच भटांच्या घराण्यातले बाळाजी विश्वनाथ पेशवेपदावर होते तेव्हा, तो आजच्या तारखांनी चारेक दिवस आधी लागत असे. भाताला या चार दिवसांचे सोयरसुतक नाही. पाऊस लांबला तर शेतकरी हळहळतो, कर्ज काढतो, दुबार पेरतो. भात हे एका वर्षाचे दुःख आहे.

पोफळ बी रुजल्यापासून फळाला यायला पाच ते आठ वर्षे घेते. माडाचे गणितही तसेच. आणि मृगापासून हस्तापर्यंतची नऊ नक्षत्रे वाचून झाली तरी झाडे मोडणाऱ्या वाऱ्याविषयी पंचांगात काही सापडत नाही. ते सापडणारही नाही. कारण अरबी समुद्रातली मोठी वादळे बहुधा या नऊ नक्षत्रांच्या अलीकडे किंवा पलीकडे येतात. मुंबई-वसईच्या किनाऱ्याला झोडपणारे पोर्तुगीज अमदानीतले प्रसिद्ध वादळ १५ मे १६१८ चे. मुंबईला हादरवणारे एक वादळ नोव्हेंबर १९४८ मधले. 'फयान' ११ नोव्हेंबर २००९ ला आले, दिवाळीचे कंदील उतरवल्यानंतर. 'निसर्ग' ३ जून २०२० ला, मृगाला चार दिवस असताना. 'तौक्ते' १६-१७ मे २०२१ ला. ऐन पावसाळ्यात खालून नैर्ऋत्येचा वारा आणि उंचावर पूर्वेकडून उलटा वारा अशी ओढाताण चालू असते. वादळाचा मनोरा उभा राहण्याआधीच ती त्याला वाकडा करते. म्हणून पावसाची नक्षत्रे त्या मानाने निर्धोक आणि त्यांचे दोन उंबरठे धोक्याचे. आमच्याकडे जोराच्या वाऱ्याला 'वावधान' म्हणतात. या शब्दाला नक्षत्र नाही.

आता बावटा. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर प्रचंड चक्रीवादळ आले, जहाजेच्या जहाजे काठावर फेकली गेली, माणसे हजारोंनी मेली. दुसऱ्याच वर्षी त्या बंदराला वादळाची सूचना देण्याची व्यवस्था झाली. पुढे ती इतर बंदरांपर्यंत पोचली. १८७५ साली हिंदुस्थानचे हवामान खाते निघाले आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे प्रमुख झाले. 'सायक्लोन' हा शब्दसुद्धा कलकत्त्याचाच. हेन्री पिडिंग्टन नावाच्या गृहस्थाने सापाच्या वेटोळ्यावरून तो घडवला आणि १८४८ च्या ज्या पुस्तकात तो रूढ केला ते मुळी खलाशांसाठी लिहिलेले होते. दिवसा शंकू आणि नळकांडी, रात्री दिवे, अशा खुणांची ही भाषा तांडेलाने वाचायची. ती वाचून त्याने गलबत खाडीत घालायचे. त्याच बातमीने आजोबांनी काय करायचे? गुरे आत बांधायची, कौलांवर दगड ठेवायचे, उतरवण्याजोगे नारळ पाडेलीकडून उतरवायचे. माडाला काही खाडीत नेता येत नाही.

मग या माणसांनी आपली विद्या ठेवली कुठे? मला वाटते, वाडीतच. पोफळीच्या खोडावर दुपारनंतरचे तिरपे ऊन पडले तर खोड भाजते, तडकते आणि पुढे वाऱ्यात नेमके तिथेच मोडते. म्हणून दक्षिण-पश्चिमेला दाट सावली धरायची. खाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर उंडी आणि केवडा लावायचा. माड फार विरळ नको, वारा आत घुसतो; फार दाट नको, खोडे उजेडासाठी उंच आणि बारीक होतात. हे कोणी लिहून ठेवले नाही. लावून ठेवले.

आंब्याची कथा याहून वेगळी आहे, आणि माझ्या मते अधिक शिकवणारी. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्याला आला. पुढे मुंबई बेट त्याच्याकडे पट्ट्याने होते. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात तो मोठ्या कौतुकाने सांगतो, की मुंबईत माझे एक आंब्याचे झाड वर्षातून दोनदा फळते. आज आपण याला नवल म्हणू. त्या काळच्या आमराईत असली नवले पुष्कळ असणार, कारण झाडे बाठ्यापासून वाढलेली, म्हणजे रायवळ. प्रत्येकाची चव निराळी, साल निराळी, मोहोराची वेळही निराळी. एखाद्या पौषात मळभ आले आणि चार झाडांचा मोहोर करपला, तरी पाचवे झाड अजून फुलायचे असे आणि सहाव्याची कैरी सुपारीएवढी झालेली असे.

पुढे गोव्यात आंब्याची कलमे बांधण्याची कला फोफावली. तिचे श्रेय सामान्यतः पोर्तुगीजांना, विशेषतः त्यांच्या पाद्र्यांना दिले जाते. मोगल दरबारात वावरलेला मानुची गोव्याच्या आंब्यांची नावे घेऊन तारीफ करतो, त्यांत एक आफोन्सोही आहे. तोच आपला हापूस. चांगल्या झाडाची फांदी दुसऱ्या रोपावर बांधली, की त्याच झाडाची हवी तितकी झाडे होतात. रत्नागिरी-देवगडचे कातळ या कलमांनी हिरवे झाले, कोकणाला रोख पैसा दिसला. मात्र हजार कलमे म्हणजे एकाच झाडाच्या हजार फांद्या. त्यांना थंडी एकाच वेळी हवी, पालवी एकाच वेळी येणार, मोहोर एकाच वेळी फुटणार. आणि मळभ आले तर तेही एकाच वेळी सगळ्यांवर. रायवळ आमराईत जो विमा आपोआप उतरलेला होता, तो कलमाबरोबर गेला. हापुसाच्या गोडीला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही (तसे करून कोकणात परत जायची सोय राहणार नाही), पण ही किंमत आपण मोजली आहे.

पाऊस वेळेवर थांबावा, जमीन सुकावी, पालवी जून व्हावी, मग रात्री गार पडाव्यात, म्हणजे मोहोर. पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला तर मोहोराच्या जागी पुन्हा पालवीच येते. मोहोर आला आणि मळभ व दहिवर पडले, तर तुडतुडे, भुरी, करपा. सगळे सुरळीत होऊन कैरी धरली आणि थंडी पुन्हा परतली, तर त्याच फांदीला दुसरा मोहोर फुटतो आणि झाड नव्याच्या नादात धरलेली कैरी गाळून टाकते. याला पुनर्मोहोर म्हणतात. शब्द केवढा गोड, आणि बागायतदाराच्या तोंडून ऐकावा तर शिवीसारखा!

शेतीसाठी म्हणून आभाळाकडे पाहण्याची सुरुवात सरकारी पातळीवर झाली ती पुण्यात. हवामान खात्याचे मुख्य कचेरीचे बिऱ्हाड १९२८ साली शिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून 'शिमला ऑफिस'च म्हणतात. १९३२ मध्ये तिथे कृषिहवामानाची शाखा निघाली आणि एल. ए. रामदास या शास्त्रज्ञाकडे ती आली. वेधशाळेच्या गच्चीवरची हवा आणि उभ्या पिकाच्या आतली हवा एक नसते, हे त्यांनी नुसते म्हटले नाही, मोजले. निरभ्र, निवांत रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला चिकटून नसते, तर थोडी वर असते, असे त्यांच्या मोजमापात दिसले. परदेशी पंडितांचा पुष्कळ दिवस विश्वास बसला नाही. १९४५ पासून रेडिओवरून शेतकऱ्यांसाठी हवामानाचे वृत्त सुरू झाले. आमच्याकडे रेडिओ आला तेव्हा आजोबा तेही ऐकत. "कोकणात तुरळक ठिकाणी पाऊस" हे ऐकून ते एकदा म्हणाले, "तुरळक ठिकाणी म्हणजे नेमके आपल्या मोहोरावर."

मग १९७२ मध्ये दापोलीला कृषी विद्यापीठ झाले. कोय कलमाची सोपी रीत गावोगाव गेली, १९८१ मध्ये 'रत्ना'सारखी नवी जात आली, श्रीवर्धनच्या सुपारी संशोधनातून 'श्रीवर्धनी' आली. आणि अंदाजही खरोखर सुधारले. निसर्ग वादळाची सूचना दोन-तीन दिवस आधीच मिळाली होती. किनाऱ्यावरची माणसे हलवली, त्यामुळे प्राणहानी थोडी झाली. १८६४ च्या कलकत्त्याशी तुलना केली म्हणजे हे किती मोठे काम आहे ते उमगते.

पण त्या दुपारी वारा तासाला शंभर किलोमीटरच्या पुढे गेला, आणि दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मुरूड या पट्ट्यात पोफळी काडीसारख्या मधोमध तुटल्या. माड मुळांसकट आडवे झाले. माझा मामेभाऊ त्या दिवशी घरातच होता. तो सांगतो, की वारा थांबल्यावर दार उघडले तर पहिल्यांदा समुद्र दिसला. आमच्या त्या पडवीतून समुद्र कधीच दिसत नसे.

जी पोफळ उभी राहिली तिचेही पुढे हाल झाले, कारण सावली गेली आणि खोडावर ऊन आले. सरकारी मदत आधी हेक्टरच्या हिशेबाने जाहीर झाली. ज्यांच्या वाड्या गुंठ्यांत मोजायच्या, एका गुंठ्यात कितीतरी झाडे आणि प्रत्येक झाडामागे आठ वर्षे, त्यांच्या हाती हेक्टरच्या हिशेबातून काय पडणार? झाडागणिक मोजा, अशी ओरड झाली ती त्यामुळे, आणि ती रास्त होती. पुढच्याच वर्षी तौक्ते आले. ते किनाऱ्याने वर सरकले, पण हंगाम मेच्या मध्याचा, झाडावर आंबा तयार. सूचना मिळताच ज्यांना गडी मिळाले त्यांनी झेले घेऊन फळ उतरवले. बाकीच्यांचे जमिनीवर सडले. म्हणजे फळापुरता का होईना, बावटा बागायतदाराच्या उपयोगी पडला.

मामेभावाने २०२० च्या पावसाळ्यात आधी केळी लावली, सावली व्हावी म्हणून, आणि त्यांच्या आडोशाला पोफळीची रोपे. अर्धवट कललेले दोन कोवळे माड त्याने दोरखंड बांधून उभे केले. तिसरा मोठा होता, तो आडवाच राहिला. त्याचा शेंडा आता वळून वर आला आहे आणि पोरे त्याच्या खोडावर घोडाघोडा खेळतात. समुद्राच्या बाजूला त्याने पुन्हा उंडीच लावली. मी कारण विचारले तर म्हणाला, "आजोबांची तीन उंडीची झाडे होती, त्यांतली दोन अजून आहेत."

पंचांग त्याच खिळ्यावर आहे. बंदरावर आता कोणाला पाठवावे लागत नाही, बावटा फोनवरच लागतो. गेल्या मेमध्ये गेलो होतो तेव्हा त्याच्या नातीने पंचांग काढून मृगाचे वाहन मोठ्याने वाचले. मेंढा होता. मामेभाऊ हसला आणि रहाटाची जागा घेतलेल्या पंपावर ताडपत्री बांधायला उठला.