थीम पार्कला जाताय? जेवणाचं पॅकेज आधी घ्यावं की नको

आष्टा : बकरी ईद गेली काही वर्षं उन्हाळ्याच्या सुट्टीत किंवा सुट्टीच्या तोंडावर येते आहे. २०२५ ला ती ७ जूनला होती, म्हणजे शाळा उघडायच्या आधी. मुलं घरी, पाहुणे घरी, उसाचं बिल जमा झालेलं, आणि कुणीतरी विषय काढतोच, "यंदा इमॅजिकाला जाऊया का?" मग रात्री जेवणं झाल्यावर मोबाईलवर बुकिंग उघडलं जातं. तिकिटांची संख्या भरली की पुढच्या पानावर एक चौकोन येतो : जेवणासह घ्या, इतके रुपये वाचवा. तिथे बोट थांबतं. अब्बा म्हणतात, घेऊन टाक, तिथं गेल्यावर महाग पडेल. अम्मी विचारते, पण चिकन हलाल असेल का?

आमच्याकडे हा प्रश्न इतक्या घरांतून आला की एकदा नीट लिहावं असं ठरवलं. आमचं मत आधीच सांगतो. अम्मीचा प्रश्न पहिला आहे आणि अब्बांचा हिशेब दुसरा. कारण पहिल्याचं उत्तर मिळाल्याशिवाय दुसरा मांडताच येत नाही.

आधी आपला दिवस कसा जातो ते बघू. इमॅजिका हे पार्क २०१३ मध्ये खोपोलीजवळ सुरू झालं, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला लागून. नंतर तिथे वॉटर पार्क आणि हॉटेलही झालं. २०२२ पासून ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे. आष्ट्याहून पेठ नाक्यावर हायवेला लागायचं, कराड, सातारा, खंबाटकी, पुणे करत घाट उतरायचा. पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर होतात. फजर पढून पाचला निघालं तरी पोचायला साडेदहा-अकरा वाजतात. नाश्ता गाडीतच झालेला असतो. परत निघताना रात्र पडते आणि जेवण हायवेवर कुठेतरी होतं. म्हणजे पार्कच्या आत आपण धड एकच जेवण जेवतो, दुपारचं. त्यात संध्याकाळचा चहा-वडा धरा. पॅकेजमध्ये तीन वेळचं खाणं असेल आणि आपण दीडच वेळ जेवणार असू, तर उरलेले पैसे तिथेच राहतात.

आता चिकनचं. बहुतेक पार्कांत पॅकेजचं जेवण म्हणजे बुफे किंवा ठरलेली थाळी, आणि शाकाहारी-मांसाहारी दोघांना एकच दर. या दरात चिकनची किंमत धरलेली असते. ज्याला ते खाता येत नाही तो डाळ-भात आणि पनीरवर पोट भरतो, पण पैसे मोजतो चिकनचे.

एका घरचा अनुभव सांगतो. पार्क वेगळं होतं, इमॅजिका नव्हे, आणि नाव मुद्दाम देत नाही. सहा जण होते. निघण्याआधी फोन केला तर पलीकडून सांगितलं, "हो हो, हलालच असतं." सहाही कुपनं घेतली. दुपारी काउंटरवर वाढणाऱ्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "साहेब, मला नाही माहीत, माल वरून येतो." मॅनेजरला बोलावलं, तो आला नाही. सगळ्यांनी भाजी-भात खाल्ला. संध्याकाळचं कुपन साडेपाचपर्यंत चालणार होतं. मुलं पाण्याच्या घसरगुंडीच्या रांगेत, मोठी माणसं असरच्या नमाजसाठी कोपरा शोधत. खिडकीवर पोचेपर्यंत ती बंद. पैसे परत नाहीत. परतीच्या वाटेवर दादी एवढंच म्हणाल्या, "एवढ्या पैशात घरी चार किलो मटण आलं असतं." गाडीत कुणी काही बोललं नाही.

या घराची चूक काय झाली? त्यांनी विचारलं होतं, पण चुकीच्या माणसाला. बुकिंगच्या फोनवर बसलेल्याला स्वयंपाकघरातलं ठाऊक नसतं. तो समोरच्याला बरं वाटेल ते सांगतो. फोन जोडून रेस्टॉरंटच्या मॅनेजरकडे मागायचा, आणि "हलाल आहे का?" एवढंच विचारून थांबायचं नाही. चिकन कुणाकडून येतं? सर्टिफिकेट आहे का, कोणत्या संस्थेचं, कोणत्या तारखेपर्यंतचं? मटण आणि चिकन दोन्हीसाठी आहे की फक्त चिकनसाठी? नगेट्स, सॉसेज असे फ्रोझन पदार्थ कोणत्या कंपनीचे? पाकिटावर हलालचा शिक्का असेल तर पाकीट दाखवायला कुणाची हरकत नसावी. उत्तर मिळालं की शेवटी म्हणायचं, एवढं ईमेलवर किंवा व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा. ज्याला खरंच माहीत आहे तो पाठवतो. जो टाळतो त्याचं उत्तर आपल्याला मिळालेलं असतं.

एक गैरसमज इथेच दूर करू. दुकानात एफएसएसएआयचं चौदा आकडी लायसन्स लावलेलं असतं. ते अन्न व्यवसायाच्या नोंदणीचं आहे, हलालशी त्याचा संबंध नाही. पाकिटावरचा हिरवा ठिपका मात्र आपल्या कामाचा. जिलेटिन हा प्राण्यापासून येणारा पदार्थ असल्यामुळे तो असलेल्या वस्तूला हिरवा ठिपका मिळत नाही. म्हणून मुलांच्या जेली, मार्शमेलोसाठी तो ठिपका बघावा. मद्याचा अंश आहे की नाही ते मात्र या ठिपक्यावरून कळत नाही, त्यासाठी घटकांची यादीच वाचावी लागते.

विचारायला संकोच वाटतो, हे आम्हाला माहीत आहे. "उगाच कशाला, लोक काय म्हणतील." पण त्याच काउंटरवर जैन कुटुंबं कांदा-लसूण नसलेलं जेवण मागतात, आणि पार्कवाले ते देतात, बोर्डावर लिहितातसुद्धा. गिऱ्हाईक मागतं म्हणून मिळतं. आपणही गिऱ्हाईकच आहोत.

खात्री पटली नाही तर काय करायचं, यावर घराघरांत वेगळं मत असतं. कुणी म्हणतं, या भागात चिकन पुरवणारे बहुतेक आपलेच लोक आहेत. असतीलही. पण "बहुतेक" वर समाधान मानायचं की नाही, हे ज्याने त्याने आपल्या मौलानांना विचारून ठरवावं. आमचं म्हणणं पैशापुरतं आहे : खात्री नसेल तर शाकाहारी खा, आणि शाकाहाराचेच पैसे द्या. म्हणजे पॅकेज न घेता आत गेल्यावर हवं ते विकत घ्या.

हिशेब करून बघू. हे दर कुठल्याही पार्कचे नाहीत, समजण्यासाठी धरलेले आहेत. तुम्ही तुमच्या पार्कचे घाला. घरात दादी, अम्मी-अब्बा आणि तेरा, नऊ व चार वर्षांची मुलं. पॅकेज मोठ्यांना ६०० रुपये, लहानांना ४५०. बऱ्याच पार्कांत लहान-मोठं वयावर नव्हे तर उंचीवर ठरतं, त्यामुळे तेरा वर्षांचा पोरगा मोठ्यात जातो. चार मोठे २४००, दोन लहान ९००, एकूण ३३००.

आता पॅकेजशिवाय, शाकाहारी. दादींना दहीभात १८०. अम्मी, अब्बा आणि मोठ्या मुलाला थाळी किंवा पावभाजी, प्रत्येकी २५०, म्हणजे ७५०. नऊ वर्षांच्या मुलीला नूडल्स २००. चार वर्षांचा कधीच स्वतःची प्लेट संपवत नाही, तो सगळ्यांच्या ताटातलं खातो. झाले ११३०. संध्याकाळी चहा, समोसा, मका, सहा जणांचे ४८०. पाणी १२०, मुलांची आइस्क्रीम २१०. एकूण १९४०. पॅकेजपेक्षा १३६० रुपये कमी, म्हणजे परतीच्या डिझेलला चांगला हातभार.

तेच चिकन हलाल असल्याची खात्री झाली, दादी आणि धाकटा सोडून चौघांनी ३५० ची बिर्याणी घेतली, वर कबाबाच्या दोन प्लेटी ६०० च्या आणि ३०० ची कोल्ड्रिंक्स, तर? दहीभात, चहा-समोसा, पाणी, आइस्क्रीम धरून बेरीज ३२९० होते. पॅकेज ३३०० चं. म्हणजे सगळ्यांनी पोटभर, मांसाहारी, आणि दोन्ही वेळा खाल्लं तरच बरोबरी होते. फायदा होण्यासाठी त्याहूनही जास्त खावं लागेल, आणि भरल्या पोटी रोलर कोस्टरवर बसल्यावर काय होतं ते मुलांच्या आयांना विचारा.

म्हणून चौकोनावर बोट ठेवण्याआधी बघायचं की पॅकेज सगळ्यांनी घ्यायची सक्ती आहे का. नसेल तर एकट्या तेरा वर्षांच्या पोरासाठी घेणं फायद्याचं ठरू शकतं, तो पैसे वसूल करतो. पण एका कुपनावर दोघांनी खाणं चालत नाही, हे त्यालाही सांगून ठेवा. आणखी एक, तिकीट आणि जेवण एकाच किमतीत बांधलेलं असेल तर जीएसटी कसा लावलाय ते बिलावर बघा. पार्कच्या प्रवेशावर १८ टक्के आहे, साध्या रेस्टॉरंटच्या जेवणावर ५ टक्के. एकत्र बांधलं की अख्ख्या रकमेवर जास्तीचा दर लागू शकतो.

पॅकेज घ्यावंच असेही प्रसंग आहेत. वीस-पंचवीस जणांची टोळी, चाचा-मामा-खालांची मुलं मिळून जाणार असतील तर आधी भरलेलं बरं. कुणी किती खाल्लं यावरून नंतर नाती बिघडत नाहीत. वॉटर पार्कमध्ये पाकीट आणि मोबाईल लॉकरमध्ये अडकतात, तिथे कुपन सोयीचं पडतं. पण मनगटी पट्ट्यात किंवा कार्डात पैसे भरायची पद्धत असेल तर उरलेली रक्कम परत मिळते का, हे भरण्याआधी विचारा. मुक्काम हॉटेलात असेल तर नाश्ता खोलीच्या भाड्यात धरलेला असतो, तो पॅकेजमध्ये दुसऱ्यांदा मोजला जात नाही ना तेही बघा.

परदेशी जाणाऱ्यांचं गणित वेगळं. दुबई-अबूधाबीला पाहुण्यांकडे गेलात तर हलालचा प्रश्न बहुतेक मिटलेलाच असतो, तिथे फक्त भूक आणि दर बघायचे. सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओजमध्ये काही खाद्यगृहांना तिथल्या मुइस या संस्थेचं हलाल प्रमाणपत्र आहे, सगळ्यांना नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डने कोविडमध्ये बंद केलेली जेवणाची योजना ९ जानेवारी २०२४ पासून परत सुरू केली. ती डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांसाठीच आहे, बुकिंगमधल्या तीन वर्षांवरच्या प्रत्येकाने घ्यावी लागते, आणि न वापरलेली जेवणं हॉटेल सोडण्याच्या दिवशी मध्यरात्री बाद होतात. ज्यांच्या घरात दोघं कमी खाणारे आहेत त्यांनी ती घेण्याआधी दोनदा विचार करावा.

वेळेचंही बघायला हवं. मे महिन्यात आपल्याकडे जोहरची वेळ साडेबाराच्या पुढे लागते, आणि हनफी हिशेबाने असर पाचच्या सुमारास. पॅकेजच्या जेवणाला दोन-अडीच तासांची खिडकी असते. दुपारी आधी नमाज, मग जेवण, असा क्रम ठेवला तर गर्दीही ओसरलेली असते. संध्याकाळच्या कुपनाची वेळ मात्र असरवर आदळते. ती किती वाजता संपते हे तिकिटावर बारीक अक्षरात असतं, आत शिरतानाच वाचून घ्या आणि खाणं असरच्या आधीच उरका.

पैसे भरून फसगत झाली तर? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, पार्कच्या जिल्ह्यात हेलपाटे घालावे लागत नाहीत. म्हणजे आष्टेकरांसाठी सांगलीचा जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, अनेक गोष्टी तिथेच मिटतात. हलालबद्दल लिहून घेतलेला तो मेसेज इथे कामाला येतो, नुसतं "फोनवर म्हणाले होते" चालत नाही. जेवणाच्या बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, अशी मार्गदर्शक सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला काढली आहे. लावला असेल तर काढायला सांगा.

घरचा डबा आत नेऊ देतात का, हा शेवटचा प्रश्न. बहुतेक ठिकाणी नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ ला सिनेमागृहांच्या बाबतीत सांगितलं, की बाहेरचं खाणं रोखण्याचा मालकाला हक्क आहे, पण पिण्याचं पाणी मोफत द्यावं आणि तान्ह्या बाळासाठी पालकांना खाणं आणू द्यावं. तो निकाल सिनेमागृहांचा, पार्कचा नाही, तरी गेटवर बाळाची पेज किंवा दादींच्या शुगरच्या गोळ्यांसोबतची बिस्किटं अडवली तर शांतपणे हाच मुद्दा मांडावा. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असली की बोलणं लवकर संपतं.

डबा गाडीत ठेवायचा असेल तर एकदा बाहेर पडून परत आत येता येतं का ते गेटवर विचारा, काही ठिकाणी हातावर शिक्का मारून देतात. मेच्या उन्हात बंद गाडीत खिमा किंवा भात टिकत नाही, ते नेऊच नका. धपाटे, चपाती, शेंगदाण्याची चटणी, भडंग, खजूर, केळी चालतात. दही पुण्यापर्यंतच संपवा.