गीताची भाषा आणि श्रोत्याची भाषा : ओकिनावी लोकगीतांचा इतिहास

ओकिनावी गीतांच्या चर्चेत ‘गीतांनी भाषा जगवली’ हे विधान सहसा गृहीत धरले जाते. शाळा, कचेरी आणि पुढे घर यांतून उचिनागुची ही ओकिनावाची भाषा मागे हटत गेली, पण गाण्यात ती राहिली, या वस्तुस्थितीचा त्याला आधार आहे. परंतु जुने गीत टिकणे आणि त्या भाषेत नवे गीत रचण्याची शक्ती टिकणे या दोन भिन्न गोष्टी होत. या परंपरेच्या इतिहासात हा भेद वारंवार समोर येतो.

र्‍युक्यू बेटांवरील भाषा जपानीशी सगोत्र असल्या, तरी केवळ जपानी जाणणाऱ्याला त्या समजत नाहीत. शुरी येथील राजदरबाराने ‘ओमोरो सोशी’ हा प्राचीन गीतांचा २२ खंडांचा संग्रह सिद्ध केला. त्याचा पहिला खंड १५३१ चा. मात्र १६०९ मध्ये सात्सुमाने हे राज्य जिंकल्यानंतर, १६१३ आणि १६२३ या वर्षांत, बहुतांश संकलन झाले. संग्रहाची निकड ऱ्हासाच्या जाणिवेतून निर्माण झाली असावी, असे अनुमान या कालक्रमावरून करता येते.

लोकव्यवहारातील खरे सामर्थ्य मात्र ‘र्‍यूका’ या छोट्या रचनाबंधात होते. जपानी वाकाची घडण ५-७-५-७-७ अशी ३१ अक्षरांची, तर र्‍यूकाची ८-८-८-६ अशी ३० अक्षरांची. एकाच चालीत अनेक र्‍यूका बसतात आणि एक र्‍यूका अनेक चालींवर गाता येते. चीनमधून आलेले, सापाच्या कातड्याने मढवलेले सानशिन हे तीन तारांचे वाद्य तिच्या साथीला असे. अठराव्या शतकात याकाबी चोकी (१७१६–१७७५) यांनी ‘कुनकुन्शी’ या स्वरलेखनाचा पाया घातला आणि दरबारी गायकी लिखित झाली. खेड्यात मात्र रचना तोंडीच चाले. दिवसाचे काम संपल्यावर तरुण-तरुणी गावाबाहेरच्या माळावर जमत. एकाने गायचे, दुसऱ्याने उत्तर द्यायचे. ‘मो-आशिबी’ नावाच्या या मेळ्यांवर सत्तेची नजर नेहमीच वक्र राहिली. ओन्ना नाबे या कवयित्रीच्या नावावरील एक प्रसिद्ध र्‍यूका म्हणजे अशाच एका मनाईच्या फलकाला दिलेले उत्तर होय. ज्याला उत्तर देता येते तोच येथे श्रोता, हे या परंपरेचे व्यवच्छेदक लक्षण मानावे लागेल.

१८७९ मध्ये जपानने राज्य खालसा करून ओकिनावा प्रांत निर्माण केला आणि हा श्रोताच बदलू लागला. शाळेत स्वभाषा बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवली जाई. दुसरा कोणी तसे बोलताना सापडेपर्यंत ती उतरत नसे. मो-आशिबीही असंस्कृत ठरवून बंद पाडण्यात आली. १९४५ च्या युद्धात तर ओकिनावी बोलणाऱ्यास हेर समजून शिक्षा करण्याचा आदेश जपानी सैन्याने काढला.

या दडपणाच्या काळातील दोन ध्वनिमुद्रणव्यवहार तुलनेसाठी घेता येतील. साखरेचे भाव कोसळल्यावर असंख्य ओकिनावी माणसे पोटासाठी ओसाकाच्या कारखान्यांत गेली. त्यांच्यापैकीच एक असलेल्या फुकुबारु चोकी (१९०३–१९८१) यांनी १९२७ मध्ये तेथे मारुफुकु ही ध्वनिमुद्रिका संस्था काढली. श्रोता स्वभाषक असल्याने गीताची भाषाही अबाधित राहिली. उलट, १९३४ मध्ये ‘आसादोया युन्ता’चे नवे रूप सर्व जपानसाठी मुद्रित झाले. मूळ गीत याएयामा द्वीपसमूहातील ताकेतोमी बेटाचे आणि तेथील स्वतंत्र भाषेतले; अधिकाऱ्याची मागणी झिडकारणाऱ्या कुयामा या गावच्या स्त्रीची कथा त्यात आहे. नव्या जपानी शब्दांत ती कथा गळाली आणि सौम्य प्रेमगीत उरले. मूळ भाषा केवळ ध्रुपदात राहिली. ध्रुपदाला अर्थ असतो, पण तो न कळताही त्याचा आस्वाद घेता येतो. भाषेचे नादचिन्हात रूपांतर होते ते असे.

पराभवानंतर छावण्यांत कोंडलेल्या लोकांनी रिकाम्या डब्याला दांडा जोडून आणि हवाई छत्रीच्या दोऱ्यांच्या तारा लावून ‘कांकारा सानशिन’ बनवले. याका येथील युद्धकैद्यांच्या छावणीतून नवे गीत जन्मले. सर्वस्व गेले असतानाही रचना थांबली नाही, कारण ऐकणारे त्याच भाषेचे होते. १९७२ पर्यंतच्या अमेरिकी अमलात आणि त्यानंतरही ही शक्ती अधूनमधून प्रकटली. किना शोकिची यांचे ‘हाइसाइ ओजिसान’ १९७७ च्या त्यांच्या संग्रहातून देशभर पोहोचले. विद्युत गिटारच्या साथीत मुलगा आणि मद्यपी शेजारी यांची ओकिनावी सवाल-जबाबाची रचना त्यात आहे. माळावरचे उत्तर येथे नव्या रूपात ऐकू येते.

२००६ मध्ये प्रांताने १८ सप्टेंबर हा बेटांच्या भाषांचा दिवस ठरवला. २००९ मध्ये युनेस्कोने ओकिनावी भाषेची गणना संकटग्रस्त भाषांत केली. २०१२ मध्ये ‘तिन्सागु नु हाना’ हे प्रांताचे आवडते गीत म्हणून निवडले गेले. तिन्सागु म्हणजे तेरडा. मराठीत तेरड्याचा रंग तीन दिवसांचा. ओकिनावी गीतात मात्र त्याने नखे रंगतात तसे आईवडिलांच्या शिकवणीने मन रंगावे, अशी कल्पना आहे. आज हे गीत मुखोद्गत असणाऱ्या अनेक तरुणांना त्या भाषेत आईवडिलांशी बोलता येत नाही, आणि पुष्कळदा आईवडिलांनाही ती बोलता येत नाही. शिकवणीचे गीत उरले आहे. ज्या भाषेत ती द्यायची, ती भाषा उरलेली नाही.

यामुळे गीतांचे मोल कमी होत नाही. उच्चार, शब्दसंपदा आणि स्मृती त्यांनी सांभाळली, आणि पुनरुज्जीवनाचे प्रयत्न त्यांच्याच आधाराने उभे आहेत. परंतु भाषा जगवण्याचे श्रेय गीताला देताना समीक्षेने गायकाबरोबर श्रोत्याचाही हिशेब मांडला पाहिजे. संग्रहांत किती गीते आहेत, याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, आज कोणी नवी र्‍यूका गायिली तर तिला र्‍यूकेनेच उत्तर देणारे किती आहेत.