तीन पाट्या आणि वागळे इस्टेटची मुलगी

कॉलेजच्या दर्शनी भिंतीवर हल्ली तीन पाट्या असतात: रॅगिंगविरोधी समिती, अंतर्गत तक्रार समिती आणि समान संधी कक्ष. पाट्या आहेत, फोन नंबर आहेत, तरी मुली तक्रार करत नाहीत. असे का, असे विचारले की व्यवस्थेकडून एकच उत्तर येते: मुलींनी धाडस दाखवले पाहिजे. म्हणजे दोष पुन्हा मुलीचाच! या उत्तराला माझा आक्षेप आहे. मुली गप्प का राहतात, हे समजून घ्यायचे तर या पाट्या भिंतीवर कशा आल्या, त्याचा इतिहास तपासावा लागेल. आणि तो तपासताना आपण, आंबेडकरी चळवळीने, स्वतःलाही काही प्रश्न विचारावे लागतील.

मुलगी कुठून येते?

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची पहिली औद्योगिक वसाहत ठरली. कारखान्यांमागोमाग माणसे आली. मराठवाड्यातून, पश्चिम महाराष्ट्रातून, कोकणातून गाव सोडून आलेल्या या कामगारांत आपली बौद्ध कुटुंबे मोठ्या संख्येने होती. किसन नगर, इंदिरा नगर, लोकमान्य नगर अशा वस्त्या वाढल्या. पुढे कारखाने एकेक करून बंद पडले आणि त्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. आजोबा ज्या गेटवर हजेरी लावत होते, तिथे आज नात कंत्राटी नोकरीचा अर्ज घेऊन उभी असते.

या घरांतली मुलगी आयटीआयला, ठाण्याच्या किंवा कल्याणच्या कॉलेजात जाते. अनेकदा ती घराण्यातली पहिलीच कॉलेजला जाणारी मुलगी असते. तिच्या शिक्षणाला घराने एक न बोललेली अट घातलेली असते: काही झाले तर कॉलेज बंद. कोणी पाठलाग केला, कोणी फोटो फिरवला, प्रॅक्टिकलच्या मार्कांची भीती दाखवून कोणी जवळ बोलावले, तर ही गोष्ट घरी कळणे हीच तिच्यासाठी सगळ्यात मोठी शिक्षा असते. तक्रारीची किंमत आरोपीच्या आधी तिचे शिक्षण मोजते. हा हिशेब तिला पक्का ठाऊक असतो. तिच्या गप्प राहण्याला भित्रेपणा म्हणणाऱ्यांनी आधी हा हिशेब समजून घ्यावा.

हिंसा वर्गाच्या दाराआधीच सुरू होते

१८४८ साली सावित्रीमाई पुण्यात शिकवायला निघाल्या तेव्हा त्यांच्या अंगावर शेण-दगड फेकले गेले. ती हिंसा शाळेच्या आत झाली नव्हती, शाळेच्या वाटेवर झाली होती. शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या बाईला वाटेतच अडवायचे, म्हणजे वर्ग आपोआप बंद पडतो, हे सनातन्यांना नीट कळले होते. आजचा बस स्टॉपवरचा पाठलाग त्याच परंपरेतला आहे.

पण त्याच फुले दांपत्याने या हिंसेवर उत्तरही शोधून ठेवले. १८६३ साली त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसवल्या गेलेल्या विधवेने यावे, सुरक्षित बाळंत व्हावे, मूल ठेवायचे की सोबत न्यायचे ते तिने ठरवावे, नाव गुप्त राहील. हे करताना तिची जात विचारली नाही आणि तिच्या चारित्र्याचा पंचनामाही केला नाही. तिथे आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. पीडितेला आधार देण्याची तीन सूत्रे यात आहेत: गुप्तता, निर्णय तिचा आणि दोषारोप नाही. आजच्या कुठल्याही समितीची परीक्षा या तीन सूत्रांवर घ्यायला हवी.

कायदा आपल्या बायांमुळे आला

१९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. उच्च न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवले, पण सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली त्यांना सोडले. अंगावर जखमा नाहीत म्हणजे संमती होती, असा तर्क केला. १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या चार कायदे-प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर आंदोलन झाले आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला.

१९९२ साली राजस्थानात बालविवाह रोखणाऱ्या भंवरीदेवी या कुंभार समाजातल्या 'साथिन'वर सामूहिक बलात्कार झाला. खालच्या न्यायालयात आरोपी सुटले. पण त्या लढ्यातूनच १९९७ ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वे, २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आणि कॉलेजांसाठी २०१६ चे युजीसीचे नियम आले. म्हणजे अंतर्गत तक्रार समितीची पाटी एका बहुजन बाईच्या लढ्यामुळे भिंतीवर लागली. त्या समितीच्या टेबलामागे मात्र बहुजन बाई अजून शोधावी लागते.

दुसरी पाटी रॅगिंगची. महाराष्ट्राने १९९९ सालीच रॅगिंगबंदीचा कायदा केला. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, आणि दुर्लक्ष केले तर त्यालाच अपप्रेरणेचा दोषी धरायचे, अशी कडक तरतूद त्यात आहे. २००९ साली हिमाचलमध्ये अमन काचरू या वैद्यकीय विद्यार्थ्याचा रॅगिंगमध्ये मृत्यू झाल्यावर युजीसीचे नियमही आले.

तिसरी पाटी समतेची. जातीय भेदभावाविरुद्ध युजीसीने २०१२ साली नियम केले, समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितले. त्यानंतर चारच वर्षांनी हैदराबादला रोहित वेमुला गेला.

एक मुलगी, तीन फायली

आता खरा पेच पाहा. तीन पाट्या तीन वेगळ्या घटनांतून, तीन वेगळ्या वेळी आल्या. एकीने बाई पाहिली, दुसरीने ज्युनिअर विद्यार्थी पाहिला, तिसरीने जात पाहिली. पण या तिन्ही गोष्टी एकाच देहात असतील तर?

२२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी या आदिवासी विद्यार्थिनीने आत्महत्या केली. तिघा वरिष्ठ महिला डॉक्टरांवर रॅगिंग, ॲट्रॉसिटी आणि आत्महत्येस प्रवृत्त केल्याचे गुन्हे नोंदले गेले. आपण आधीच तक्रार केली होती, असे तिच्या कुटुंबाचे म्हणणे आहे. तिचा छळ रॅगिंगचा की जातीचा, हा प्रश्न कागदावर दोन असेल, जगताना तो एकच असतो. वागळे इस्टेटच्या मुलीला कोणी जातीवरून अश्लील बोलले, तर तिने कुठल्या पाटीखाली उभे राहायचे? एका समितीने म्हणायचे, हा जातीचा विषय. दुसरीने म्हणायचे, हा लैंगिक छळाचा. फाईल फिरत राहते, आणि तोवर तिची हजेरी कमी भरते.

कायद्याला हे अजिबात कळत नाही असेही नाही. २०१३ च्या कायद्यात जिल्हा पातळीवरच्या स्थानिक समितीत अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग किंवा अल्पसंख्याक समाजातली किमान एक महिला असावी, असे लिहिले आहे. कॉलेजच्या अंतर्गत समितीला मात्र अशी सक्ती नाही. ही चूक नजरचुकीची मानायची की सोयीची, ते तुम्हीच ठरवा.

ठाणे जिल्ह्याचा धडा

मार्च १९९० मध्ये उल्हासनगरला परीक्षा द्यायला बसलेल्या रिंकू पाटीलला परीक्षेच्या वर्गात शिरून जिवंत जाळले. महाराष्ट्र हादरला, आणि वर्तमानपत्रांनी अशा घटनांना एक गोंडस नाव दिले: 'एकतर्फी प्रेम'. तीस वर्षांनी, फेब्रुवारी २०२० मध्ये, हिंगणघाटला कॉलेजात निघालेल्या प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवले, तेव्हाही तोच शब्द छापून आला. नकार ऐकू न शकणाऱ्या पुरुषी मालकीहक्काला प्रेम म्हणणे बंद करा! बाबासाहेबांनी १९१६ सालच्या आपल्या निबंधात जात ही जातीअंतर्गत विवाहावर टिकते आणि त्यासाठी स्त्रीवर ताबा ठेवावा लागतो, हे दाखवून दिले. तो ताबा दोन्ही बाजूंनी मारतो. २०१४ साली खर्ड्याच्या नितीन आगेला सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयावरून शाळेतूनच मारत नेऊन ठार केले. पुढे साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ साली आरोपी सुटले. शाळा पाहत होती, पण न्यायालयात शाळेला काही आठवले नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुकल्यांच्या पालकांना गुन्हा नोंदवण्यासाठी तासन् तास ताटकळावे लागले. लोकांनी रेल्वे रोखली, फाशीची मागणी केली. महिन्याभरात आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला आणि पेढे वाटले गेले. पण तक्रार वेळेत का घेतली नाही, हा प्रश्न त्या गोळीबाराच्या आवाजात विरला. संविधान मानणाऱ्यांनी हे पक्के लक्षात ठेवावे: एन्काउंटरने पीडितेचे काहीच भरून येत नाही, व्यवस्थेची मात्र सुटका होते.

मग आपण काय करायचे?

आपल्या कॉलेजच्या अंतर्गत समितीची नावे मागा. विद्यार्थ्यांशी संबंधित तक्रारीत तीन विद्यार्थी प्रतिनिधी लोकशाही पद्धतीने निवडलेले हवेत, असे २०१६ चे नियम सांगतात. ती निवड झाली का, विचारा. बहुजन मुलींना उभे करा. तक्रार तीन महिन्यांत द्यायची असते, चौकशी नव्वद दिवसांत संपायला हवी, आणि त्या काळात वर्ग किंवा विभाग बदलण्यासारखा दिलासा मागता येतो, हे प्रत्येक मुलीला माहीत हवे. अकरावी-बारावीतल्या बहुतेक मुली अठराच्या आतल्या असतात. तिथे पॉक्सो लागतो, आणि लैंगिक गुन्हा दडपून ठेवणे हाच गुन्हा ठरतो. मुलगी अनुसूचित जाती-जमातीची आणि आरोपी त्याबाहेरचा असेल तर पहिल्याच दिवशी ॲट्रॉसिटीची कलमे लावायचा आग्रह धरा. तीन समित्यांनी तक्रार एकाच दारात घ्यावी आणि आपसात वाटून घ्यावी, मुलीला फिरवू नये, ही मागणी प्रत्येक प्राचार्यांपुढे ठेवा.

तिचे नाव, फोटो, वस्ती व्हॉट्सॲपवर टाकू नका. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, मग बॅनरवर 'न्याय द्या' का लिहिलेले असेना. मुलगी सज्ञान असेल तर पुढचे पाऊल तिला विचारल्याशिवाय टाकू नका. मोर्चा तिच्यासाठी काढायचा असतो, आपल्या संघटनेसाठी नाही.

आणि शेवटचा, सगळ्यात अवघड प्रश्न. आरोपी आपल्याच मंडळातला असेल तर? सवर्ण आरोपी असला की आपण रस्त्यावर उतरतो. आपलाच कार्यकर्ता असला की विहारात बैठक बसते, 'चळवळ बदनाम होईल' असे सांगितले जाते, आणि मुलीच्या बापाला समजावून घरी पाठवले जाते. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजायला सांगितले. ते मोजमाप आपल्याला लागू नाही काय? चळवळ बदनाम होते ती अन्याय झाकल्याने. वागळे इस्टेटच्या मुलीला उद्या कॉलेजच्या पाटीपेक्षा आपल्या विहाराचे दार जवळचे वाटले पाहिजे, आणि त्या दारात तिला कोणी गप्प बसायला सांगता कामा नये.

जय भीम! जय सावित्री! जय संविधान!