वऱ्हाडात टिपलेला सूर्याचा मुकुट

ग्रहण लागले की दारे-खिडक्या लावून घ्यायच्या, अन्नपाण्यावर तुळशीपत्र ठेवायचे आणि गरोदर सुनेला जागची हलू द्यायचे नाही, ही रीत आपणा भगिनींना नवी नाही. म्हणूनच आपल्या वऱ्हाडातील एक जुनी हकीकत मंडळाच्या स्मरणिकेत नोंदवून ठेवावी, असे मला वाटले.

२२ जानेवारी १८९८, पौष अमावास्या. त्या दिवशीच्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोकणातून देशावर व तेथून वऱ्हाडात आली. विजयदुर्गच्या किल्ल्यावर इंग्रज शास्त्रज्ञ लॉक्यर, सोलापूरकडील जेऊरला पुण्याचे प्रा. नेगमवाला, तर अमरावती जिल्ह्यातील तळणीला ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची तुकडी, असे तळ पडले होते. मुंबईहून तळणीला आगगाडीने जायचे तर आपले मलकापूर, नांदुरा, शेगाव ओलांडूनच जावे लागते.

या तुकडीत अ‍ॅनी माँडर ही तिशीच्या आतली विदुषी होती. ग्रिनिचच्या वेधशाळेत ती आकडेमोडीचे व सूर्याची छायाचित्रे घेण्याचे काम करी. १८९५ साली तेथल्याच माँडरसाहेबांशी तिचा विवाह झाला. सरकारी नोकरीत विवाहितेला जागा नव्हती. तिची नोकरी सुटली, पतीची राहिली. पण तिने अभ्यास सोडला नाही. आपल्या कॉलेजने दिलेल्या अनुदानातून तिने कॅमेरा तयार करविला आणि तो घेऊन ती तळणीस आली.

सूर्यबिंबाभोवती अतितप्त, विरळ वायूचे प्रभामंडल असते. त्यालाच करोना, म्हणजे मुकुट, म्हणतात. बिंबाच्या तुलनेत त्याचे तेज दशलक्षांश; म्हणून चंद्राने बिंब पुरते झाकले तरच ते दिसे. तळणीस हा अवधी सुमारे दोन मिनिटांचाच होता. तेवढ्यात बाईंनी दूरवर गेलेला एक किरण टिपला. इतका लांब किरण तोवर कोणाच्याच छायाचित्रात आला नव्हता! मला खंत वाटते ती याची, की लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने तिला सभासद करून घेतले ते त्यानंतर अठरा वर्षांनी, १९१६ साली.

आता ग्रहणाची वाट पाहावी लागत नाही. फ्रान्सच्या ल्यो यांनी १९३० च्या सुमारास दुर्बिणीतच चकती बसवून कृत्रिम ग्रहण घडविले. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेल्या आपल्या आदित्य-एल१ यानावर याच तत्त्वाचे, बंगळुरूला तयार झालेले उपकरण आहे. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरून ते करोना न्याहाळते.

भगिनींनो, पुढच्या सूर्यग्रहणाला आपल्या लेकीसुनांना दाराआड बसवू नका. ग्रहणाचा खास चष्मा लावून त्यांना अंगणात आणा. उघड्या डोळ्यांनी मात्र कोणीही पाहू नये.